यकृताच्या कर्करोगात एम्बोलायझेशन आणि त्याच्या जोडीचे उपचार : बऱ्हाणपूरच्या रुग्णाने आधी काय ठरवावे?

तापीकाठचे बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात मोडते. पण तिथल्या बाजारात हिंदी, निमाडी आणि उर्दूच्या बरोबरीने मराठीही सहज कानावर पडते. खंडव्यापासून वेगळा होऊन २००३ साली स्वतंत्र झालेला हा जिल्हा केळीच्या बागांसाठी आणि यंत्रमागांसाठी ओळखला जातो. आजार गंभीर झाला की इथल्या कुटुंबापुढे तीन वाटा असतात. इंदूर-इच्छापूर महामार्गाने सुमारे १८० किलोमीटरवरचे इंदूर ही पहिली. रावेर-भुसावळमार्गे शंभरेक किलोमीटरवरचे जळगाव ही दुसरी. तिसरी वाट रेल्वेने थेट मुंबईची, सुमारे पाचशे किलोमीटरची. गोव्यातील रुग्णाला बांबोळी गाठण्यासाठी तास-दोन तास लागतात. त्याला या अंतराची कल्पना येणे अवघड असले, तरी उपचाराचा एखादा टप्पा राज्याबाहेर घेण्याची पाळी त्याच्यावरही येऊ शकते. यकृताच्या कर्करोगात पहिल्यांदा कोणती वाट धरली, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. याचे कारण एम्बोलायझेशन या उपचाराच्या स्वरूपात आहे.

येथे विचार आहे तो यकृताच्या स्वतःच्या पेशींतून उद्भवणाऱ्या, ‘एचसीसी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कर्करोगाचा. मोठ्या आतड्यासारख्या अन्य अवयवातून यकृतात पसरलेल्या गाठींचे उपचार वेगळे असतात. सोनोग्राफीच्या अहवालात ‘यकृतात गाठ’ एवढेच लिहिलेले असेल, तर ती कोणत्या जातीची आहे, हा पहिला प्रश्न. एचसीसीचे निदान पुष्कळदा तिहेरी टप्प्यांच्या सीटी स्कॅनवरून किंवा एमआरआयवरून, सुईने तुकडा न काढताही करता येते. धमनीच्या टप्प्यात गाठ उजळते आणि नंतरच्या टप्प्यात भोवतालच्या यकृतापेक्षा फिकी पडते, ही तिची खूण. मात्र ही खूण सिऱ्होसिस किंवा दीर्घकालीन हिपॅटायटिस-बी असलेल्या रुग्णातच ग्राह्य धरतात. इतरांना तुकडा तपासावाच लागतो.

यकृताला रक्त दोन मार्गांनी मिळते. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून येते आणि उरलेले यकृत धमनीतून. कर्करोगाची गाठ मात्र आपले जवळजवळ सारे पोषण धमनीतूनच ओढते. निसर्गाच्या या विषम वाटणीवर एम्बोलायझेशन उभे आहे. जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून बारीक नळी आत सारून, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत ती गाठीला रक्त पुरवणाऱ्या फांदीपर्यंत नेतात. तिथे कर्करोगविरोधी औषध सोडून ती फांदी बुजवतात. गाठ उपाशी राहते, आणि उरलेले यकृत पोर्टल शिरेच्या रक्तावर तगून राहते. औषधासह केलेल्या या प्रक्रियेचे ‘टेस’ हे संक्षिप्त नाव रुग्णालयांत रूढ आहे.

या औषधाबरोबर वापरले जाणारे लिपिओडॉल हे खसखशीच्या तेलात आयोडीन मिसळून केलेले द्रव्य आहे. फ्रान्समध्ये मार्सेल गेर्बे यांनी ते १९०१ साली तयार केले. बऱ्हाणपूरहून उत्तरेला माळव्यात, मंदसौर-नीमच भागात खसखशीची शेती पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. तिच्याच तेलाचा हा उपयोग तिथल्या शेतकऱ्यालाही बहुधा ठाऊक नसेल. हे तेल गाठीत अडकून राहते आणि पुढच्या सीटी स्कॅनमध्ये चमकते, त्यामुळे औषध नेमके कुठे पोचले हे कळते. तेलाऐवजी औषध भिजवलेले सूक्ष्म मणी वापरण्याचीही पद्धत आहे.

२००२ साली दोन छोट्या पण निर्णायक चाचण्यांनी टेसला मान्यता मिळवून दिली. बार्सिलोनाच्या चाचणीत दोन वर्षांनी टेस घेतलेल्यांपैकी ६३ टक्के रुग्ण हयात होते, तर केवळ लक्षणांवर उपचार घेतलेल्यांपैकी २७ टक्के. हाँगकाँगच्या चाचणीत हेच आकडे ३१ आणि ११ टक्के होते. त्यावरून टेस मध्यम टप्प्यातील रोगाचा प्रमाण उपचार ठरला. मध्यम टप्पा म्हणजे गाठी अनेक किंवा मोठ्या, पण मुख्य रक्तवाहिनीत रोग शिरलेला नाही, यकृताबाहेर पसरलेला नाही आणि रुग्ण हिंडता-फिरता आहे.

एकटी टेस अपुरी का पडते?

दोन वर्षांनी बार्सिलोनातील एक तृतीयांशाहून अधिक रुग्ण हयात नव्हते, ही त्याच आकड्याची दुसरी बाजू. गाठ तीन सेंटिमीटरहून मोठी झाली की तिचा कडेचा भाग काही प्रमाणात पोर्टल शिरेतूनही रक्त घेऊ लागतो. धमनी बुजवली तरी ती कड जिवंत राहते. शिवाय उपासमार झालेल्या गाठीत प्राणवायू कमी पडतो आणि त्याला उत्तर म्हणून नव्या रक्तवाहिन्या उगवण्याचा रासायनिक संकेत वाढतो. म्हणजे उपचारच रोगाला नवी वाट शोधायला भाग पाडतो. मग दोन-तीन महिन्यांनी पुन्हा टेस, पुन्हा नवी गाठ, पुन्हा टेस असे चक्र सुरू होते.

आणि प्रत्येक फेरीत गाठीबरोबर थोडे निरोगी यकृतही खर्ची पडते. बहुतेक रुग्णांचे यकृत मुळातच हिपॅटायटिस, मद्य किंवा मधुमेह-स्थूलतेमुळे साठलेल्या चरबीने कडक झालेले, म्हणजे सिऱ्होसिसग्रस्त असते. त्याच्या उरलेल्या ताकदीची मोजणी ‘चाइल्ड-प्यू’ या गुणपद्धतीने करतात. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, पोटातील पाणी आणि मेंदूवरचा परिणाम या पाच गोष्टींवरून अ, ब किंवा क वर्ग ठरतो. आज उपलब्ध असलेल्या प्रभावी औषधांच्या बहुतेक मोठ्या चाचण्या अ वर्गातील रुग्णांवर झाल्या आहेत. चार वेळा टेस करून यकृत ब वर्गात घसरल्यावर त्या औषधांचा दरवाजा अर्धा मिटलेला असतो. म्हणून आता प्रश्न ‘टेस करावी का’ एवढ्यावर थांबत नाही. टेसच्या आधी, सोबत आणि नंतर काय करायचे, हे पहिल्याच बैठकीत ठरले पाहिजे. बार्सिलोनाच्या तज्ज्ञांनी २०२२ साली आपली वर्गवारी सुधारताना मध्यम टप्प्याचेच तीन भाग पाडले. एक प्रत्यारोपणाकडे जाऊ शकणारा, दुसरा टेसला योग्य, आणि तिसरा इतका विखुरलेला की टेसच्या फंदात न पडता सरळ औषधे सुरू करावीत असा. तिसऱ्या भागातल्या रुग्णावर निव्वळ सोय आहे म्हणून टेस करत राहणे हे या लेखकाच्या मते सर्वांत महाग पडणारे चुकीचे वळण आहे.

उष्णतेची जोड

गाठीत सुई घालून रेडिओलहरींनी किंवा मायक्रोवेव्हने ती आतून शिजवणे, म्हणजे अ‍ॅब्लेशन, हा तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींवरचा उत्तम उपाय. त्याहून मोठ्या गाठीत वाहते रक्त उष्णता वाहून नेते आणि कडा कच्च्या राहतात. आधी धमनी बुजवली तर ही गळती थांबते, उष्णता गाठीत टिकते आणि शिजलेला घेर मोठा होतो. ग्वांगझूच्या तज्ज्ञांनी सात सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी असलेल्या १८९ रुग्णांवर केलेली चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. चार वर्षांनी जोडउपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ६२ टक्के हयात होते, तर केवळ अ‍ॅब्लेशन घेतलेल्यांपैकी ४५ टक्के. तीन ते पाच सेंटिमीटरची एकच गाठ असेल आणि शस्त्रक्रिया शक्य नसेल, तर ही जोडी सर्वांत समंजस म्हणावी लागेल. शिवाय दोन्ही कामे पुष्कळदा एकच इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, एकाच रुग्णालयात, काही दिवसांच्या अंतराने करू शकतो. दुरून येणाऱ्याला हे लहान सुख नव्हे.

किरणांची जोड

रोग पोर्टल शिरेत शिरला की चित्र बदलते. यकृताची मोठी रक्तवाहिनी आधीच अडलेली असताना धमनीही बुजवली, तर यकृत निकामी होण्याचा धोका असतो. म्हणून तिथे एकटी टेस सहसा करत नाहीत. दक्षिण कोरियात सोलमधल्या डॉक्टरांनी अशा ९० रुग्णांवर केलेली चाचणी २०१८ मध्ये आली. निम्म्यांना टेस आणि बाहेरून किरणोपचार, निम्म्यांना सोराफेनिब हे तेव्हाचे प्रमाण औषध देण्यात आले. मध्यम आयुर्मान जोडगटात ५५ आठवडे, तर औषधाच्या गटात ४३ आठवडे भरले. किरणांनी शिरेतील रोग आक्रसतो, धमनीतून न पोचलेली कडही भाजली जाते.

किरणे आतून देण्याचीही पद्धत आहे. यिट्रियम-९० या किरणोत्सारी मूलद्रव्याचे काचेचे सूक्ष्म गोळे त्याच धमनीतून सोडतात. आयात केलेले गोळे फार महाग पडतात. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभास्फिअर’ या नावाने स्वदेशी गोळे विकसित केले, ही मराठी मुलखाला अभिमान वाटावा अशी गोष्ट. या उपचाराआधी एक चाचणी-फेरी करून गोळे फुप्फुसात तर निसटणार नाहीत ना, हे तपासतात. म्हणून दोनदा यावे लागते.

औषधांची जोड : उत्साह आणि सावधगिरी

सर्वाधिक चर्चा औषधांची आहे, आणि सर्वाधिक गोंधळही तिथेच. टेसने नव्या रक्तवाहिन्यांचा संकेत वाढतो, तर तो संकेत दाबणारे औषध सोबत द्यावे, हा तर्क देखणा होता. पण सोराफेनिबसह केलेल्या पहिल्या चाचण्यांनी निराशा केली. जपानच्या एका चाचणीत रोग रोखून धरण्याचा काळ १३.५ वरून २५.२ महिन्यांवर गेला, तरी शेवटी आयुर्मानात फरक दिसला नाही. त्यानंतर चीनमध्ये, प्रगत रोग असलेल्या ३३८ रुग्णांत लेनव्हाटिनिबच्या जोडीला टेस दिली तेव्हा मध्यम आयुर्मान ११.५ ऐवजी १७.८ महिने झाले. इथे क्रम उलटा आहे हे ध्यानात घ्यावे. मुख्य उपचार औषध होते, टेस त्याची जोड होती.

प्रतिकारशक्तीला जागे करणाऱ्या औषधांमागचा तर्क वेगळा आहे. गाठ मरताना तिचे तुकडे रक्तात येतात आणि शरीराच्या पहारेकऱ्यांना शत्रूची ओळख पटते. ड्युरव्हालुमॅब व बेव्हासिझुमॅबसह टेस दिल्यावर रोग न वाढण्याचा काळ ८.२ वरून १५ महिन्यांवर गेला. पेम्ब्रोलिझुमॅब व लेनव्हाटिनिबसह तो १० वरून १४.६ महिन्यांवर गेला. २०२४ मध्ये मांडल्या गेलेल्या या दोन्ही निकालांनी परिषदांत टाळ्या मिळवल्या. तथापि रोग थांबून राहणे आणि रुग्ण अधिक जगणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरी या निकालांनी सिद्ध झालेली नव्हती. अशा औषधाच्या एका मात्रेचा खर्च सामान्य कुटुंबाची कित्येक महिन्यांची कमाई गिळतो. शेत विकून ती घ्यावी का, या प्रश्नाला ‘रोग काही महिने उशिरा वाढतो’ हे उत्तर डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत द्यायला हवे, आणि कुटुंबाने ते स्पष्ट शब्दांत मागायला हवे.

रक्तवाहिनी मुळीच बुजवता येत नाही अशा प्रगत रोगात मात्र औषधांची बाजू भक्कम आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत अ‍ॅटेझोलिझुमॅब-बेव्हासिझुमॅब जोडीचे मध्यम आयुर्मान पुढे १९.२ महिने नोंदले गेले, सोराफेनिबचे १३.४. बेव्हासिझुमॅब देण्यापूर्वी एंडोस्कोपी करून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा पाहणे अनिवार्य आहे. त्या फुटल्या तर रक्ताची उलटी जिवावर बेतते. ही तपासणी साधी आहे, जिल्ह्याच्या जवळही होऊ शकते, पण घाईत राहून जाते.

शस्त्रक्रियेच्या उंबरठ्यावर

बरे होण्याची खरी आशा अजूनही शस्त्रक्रियेत किंवा प्रत्यारोपणात आहे, आणि एम्बोलायझेशनची सर्वांत मोलाची भूमिका बहुधा तिथेच. मिलानमधील मात्साफेर्रो यांनी १९९६ मध्ये घालून दिलेल्या कसोटीनुसार पाच सेंटिमीटरपर्यंतची एक किंवा तीन सेंटिमीटरपर्यंतच्या तीन गाठी असलेल्या रुग्णाला प्रत्यारोपणाचा चांगला लाभ होतो. गाठ याहून मोठी असेल, तर टेस व अ‍ॅब्लेशनने ती कसोटीच्या आत आणता येते आणि काही महिने ती आतच राहते का, ते पाहता येते. जी गाठ एवढ्या काळात उसळत नाही, ती प्रत्यारोपणानंतरही उलटण्याची शक्यता कमी. भारतात यकृताचे प्रत्यारोपण मुख्यतः नात्यातील जिवंत दात्याकडून होते. दाता कोण, त्याची तपासणी कधी, हे टेस चालू असतानाच ठरवता येते. नंतर धावपळ करण्याची गरज नाही.

गाठ कापून काढायची, पण मागे उरणारे यकृत अपुरे पडेल अशी शंका असेल, तेव्हा एक उलटी युक्ती वापरतात. रोगट बाजूची पोर्टल शीर बुजवतात. काही आठवड्यांत निरोगी बाजू वाढते. मात्र शीर बुजवल्यावर धमनीचा प्रवाह वाढून गाठच फोफावू नये, म्हणून आधी टेस, मग काही आठवड्यांनी शीर, मग शस्त्रक्रिया असा क्रम लावतात. तीन पायऱ्या, तीन तारखा. एक चुकली की पुढची निरर्थक. उलट, जी गाठ सरळ काढता येते तिच्यावर ‘आधी एक टेस करून घेऊ’ म्हणण्यात फायदा आढळलेला नाही.

एक अपवाद घाईचा. गाठ फुटून पोटात रक्तस्राव झाला, तर पोटात अचानक तीव्र वेदना, घाम आणि चक्कर येते. तेव्हा समितीच्या निर्णयाची वाट न पाहता धमनी बुजवून रक्त थांबवतात. बाकीचा आराखडा नंतर. अशा वेळी जे जवळचे सुसज्ज केंद्र असेल तेच योग्य.

बऱ्हाणपूरहून निघताना

घाई नसेल तेव्हा निकष वेगळा. ज्या रुग्णालयात यकृततज्ज्ञ, शल्यविशारद, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, किरणोपचारतज्ज्ञ आणि औषधोपचारतज्ज्ञ एकत्र बसून रुग्णाचे स्कॅन पाहतात, तिथे पहिला निर्णय घ्यावा. प्रत्यक्ष टेस त्यानंतर जवळच्या शहरातही होऊ शकते. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून आहे. त्याच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातील केंद्रे जोडलेली असून अवघड प्रकरणे दूरदृश्य बैठकीत मांडली जातात. इंदूर किंवा जळगावातील डॉक्टरांना ‘माझे स्कॅन कुठल्या ट्यूमर बोर्डापुढे गेले का’ असे विचारण्यात संकोच नसावा.

सोबत न्यायचे कागद थोडे, पण पूर्ण हवेत : सीटीची छापील फिल्म नव्हे तर मूळ प्रतिमांची सीडी, अल्फा-फीटोप्रोटीनचा अहवाल, हिपॅटायटिस-बी व सीच्या चाचण्या, एंडोस्कोपी आणि चालू औषधांची यादी. हिपॅटायटिस-बी असल्यास विषाणूविरोधी गोळी टेसच्या आधीच सुरू करावी लागते, कारण उपचाराच्या धक्क्याने विषाणू उसळू शकतो. पूर्वी पित्तनलिकेत स्टेंट बसवला असेल तर ते आवर्जून सांगावे. अशा रुग्णात टेसनंतर यकृतात पू होण्याचा धोका जास्त असतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही सांगावे, कारण सीटीतील व टेसमधील रंगद्रव्याचा ताण मूत्रपिंडावर येतो.

खर्चाचे गणित आयुष्मान भारत योजनेपासून सुरू होते. पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, आणि मध्य प्रदेशात काढलेले कार्ड महाराष्ट्रातील संलग्न रुग्णालयातही चालते. २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला ते मिळू शकते. मात्र कोणती प्रक्रिया पॅकेजमध्ये बसते हे रुग्णालयाच्या आयुष्मान कक्षात भरती होण्यापूर्वीच विचारावे, कारण जोडउपचारात एक भाग बसतो आणि दुसरा बाहेर राहतो, असे घडू शकते. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करोग्याला रेल्वेत स्लीपर आणि तृतीय वातानुकूलित वर्गात पूर्ण सवलत आहे, सोबत्याला पंचाहत्तर टक्के. त्यासाठी रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. परळला राहण्यासाठी नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आणि दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा हे जुने आधार आहेत.

टेसनंतर दोन-चार दिवस ताप, पोटाच्या उजव्या बाजूस दुखणे, मळमळ हे अपेक्षित आहे. त्याला घाबरून बऱ्हाणपुरात वेगळी औषधे सुरू करू नयेत. परंतु घरी परतल्यावर आठवड्यानंतरही थंडी वाजून ताप येत असेल, डोळे पिवळे पडत असतील, पोट फुगत असेल किंवा माणूस गुंगीत बोलत असेल, तर ज्या केंद्रात टेस झाली तिथे त्याच दिवशी कळवावे. चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा तिहेरी टप्प्यांचे सीटी किंवा एमआरआय होते. जिवंत भाग किती उरला आणि यकृत चाइल्ड-प्यूच्या कोणत्या वर्गात आहे, या दोन उत्तरांवर पुढची पायरी ठरते : अ‍ॅब्लेशन, किरणे, औषध, शस्त्रक्रिया किंवा आणखी एकच टेस. नीट केलेल्या दोन टेसनंतरही गाठ आटोक्यात येत नसेल, तर तिसरी करण्याऐवजी दुसऱ्या उपचाराकडे वळण्याचा आग्रह आता बहुतेक तज्ज्ञ धरतात.